रिकामा फ्लॅश

माझ्या कॅमेऱ्याचं शटर दीड लाख वेळा उघडझाप करतं, असं तो बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं. ते मी वाचलं नसतं, तर पुढचं काहीच झालं नसतं.

मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी चतुरांचे फोटो काढते. चतुर म्हणजे पाण्याकाठी काडीच्या टोकावर येऊन बसणारा, लांब शेपटीचा, चार पंखांचा कीटक. तो बसतो, मी श्वास रोखते, बटण दाबते आणि तोवर तो गेलेला असतो. शटर आजवर किती वेळा उघडलं याची नोंद कॅमेरा स्वतःच ठेवतो आणि ती संगणकावर पाहता येते. एका रविवारी मी ती पाहिली. आकडा एक लाख सत्तेचाळीस हजारांच्या पुढे गेला होता. म्हणजे कॅमेऱ्याचं जवळजवळ सगळं आयुष्य मी खर्चून बसले होते आणि त्यातलं निम्मं तरी रिकाम्या काड्यांवर.

मी दोन ठिकाणी सल्ला घेतला. राजापेठेतला दुकानदार म्हणाला, "मॅडम, याच्यात आता जीव राहिला नाही. नवीनच घ्या." अकोल्याला जुन्या शहरात कॅमेरे दुरुस्त करणारे किशोर म्हणून एक गृहस्थ आहेत. त्यांना फोन केला, तर ते म्हणाले, "टाकून कायले देता? शटर बदलून देतो मी. पण बंद पडल्यावर आणा. चालत्या गाडीचं इंजिन कोणी खोलते का?" एकाचं म्हणणं बदला, दुसऱ्याचं म्हणणं थांबा. दोन्ही सल्ले सरळ होते. मी शिकलेली असल्यामुळे तिसरा मार्ग शोधला: कॅमेरा वापरायचाच कमी.

इथे एक सांगायला हवं. सरासरी आयुष्य म्हणजे मुदत नव्हे, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. फळ्यावर वक्र काढते. "माशी सरासरी महिनाभर जगते, म्हणून महिना संपला की सगळ्या माश्या टपाटप खाली पडत नाहीत," असं म्हणते. वर्ग हसतो. दरवर्षी तेच वाक्य, दरवर्षी तेच हसू. शटरचंही तसंच. कुठलं लाखाच्या आतच जातं, कुठलं तीन लाखांनंतरही चालतं. हे मला नीट माहीत होतं. तरी घरी आल्यावर मी उरलेल्या तीन हजार उघडझापींकडे टाकीत तळाशी उरलेल्या पाण्यासारखी बघायला लागले. चतुर काडीवर येऊन बसला की मी आधी विचार करायची, हा त्या लायकीचा आहे का? चतुराला एवढा वेळ नसतो. धाकटी बहीण पायल म्हणाली, "ताई, गल्लीतल्या पिल्लांचे फोटो काढ नं." मी म्हणाले, "मोबाईल आहे नं तुझ्याकडे." त्या महिन्यात मी एकच फोटो काढला. तो लेन्सवर झाकण तसंच ठेवून काढला गेला.

अशा अवस्थेत पायलचं लग्न ठरलं.

"घरात एवढं मोठं धूड असताना फोटोवाला कायले सांगाचा?" आई म्हणाली. बाबा गेल्यापासून घरातले असे निर्णय आई एका वाक्यात घेते. मी तिला शटरचं सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"दीड लाख म्हन्ते नं ते?"

"हो."

"आपल्याकडे पाचशे मानसं येनार हायेत, भावना. काय घेऊन बसली तू?"

या लग्नात आईचा पायलच्या संसाराखेरीज आणखी एक हेतू होता. तिला दोन भाऊ. थोरले शेषराव, म्हणजे आमचे शेषमामा, भातकुलीला शेती करतात. धाकटे किसनराव, म्हणजे किसनमामा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन अकोल्याला जुन्या शहरात राहतात. शेषमामांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत किसनमामांचं नाव एका चुलतभावाच्या खाली छापलं गेलं. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. शेषमामांचं म्हणणं, छापणाऱ्याने जागा पाहून नावं बसवली. किसनमामांचं म्हणणं, जागा पाहूनच तर बसवली! मधल्या काळात दोघांना नातवंडं झाली, एकाला साखर निघाली, दुसऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. या बातम्या ते एकमेकांना आईमार्फत कळवत.

पायलच्या पत्रिका आईने दोन प्रकारच्या छापून घेतल्या. भातकुलीकडे वाटायच्या, त्यात मामांच्या ओळीत शेषराव आधी. अकोल्याकडे वाटायच्या, त्यात किसनराव आधी. दोन गठ्ठे दोन पिशव्यांत भरले आणि त्या सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. "तू सायन्सवाली हायेस. सरमिसय होऊ देऊ नको," आई म्हणाली. मी पिशव्यांवर चिठ्ठ्या लावल्या. सरमिसळ झाली नाही. त्या लग्नात मी नीट केलेलं ते एकमेव काम.

"मले एकच पायजे," आई लग्नाच्या आदल्या दिवशी मला म्हणाली. "माये दोघं भाऊ एका फोटोत. बाकी तू काई काढ, नाई तं नको काढू."

मी हो म्हटलं.

लग्न चांगलं झालं. त्रिशरण, पंचशील, प्रतिज्ञा, हार, फुलं या सगळ्याचे मी मन लावून फोटो काढले. धम्मदीप, म्हणजे आमचे जावई, प्रतिज्ञा म्हणताना अडखळले आणि पायलने त्यांना पुढचा शब्द सांगितला, तोही फोटो आला. मग सुरू झाला आहेर.

आहेराचं आमच्याकडे एक ठरलेलं आहे. माणूस स्टेजवर चढतो, पाकीट किंवा डबा नवरीच्या हातात देतो, जोडप्याशेजारी उभा राहून कॅमेऱ्याकडे बघतो आणि उजेड पडेपर्यंत हलत नाही. उजेड पडला की समाधानाने उतरून जेवायला जातो. हा फोटो नंतर कोणी मागत नाही. मागायचा असतो हेच कोणाच्या लक्षात नसतं. त्याला उजेड हवा असतो. रोलच्या काळातले फोटोग्राफर हे ओळखून होते. रोल वाचवायला ते नुसताच फ्लॅश मारत आणि त्याला 'रिकामा फ्लॅश' म्हणत. माझ्या कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशलाही मागे एक लहानसं बटण आहे. ते दाबलं की लख्ख उजेड पडतो, पण शटर जागचं हलत नाही. बँड इतक्या जोरात असतो की क्लिक झाली की नाही हे ऐकू येण्याचा प्रश्नच नाही.

रांग पाहिली आणि मला माझ्या बुद्धीचं कौतुक वाटलं. मी नियम केला. ज्यांना मी नावाने ओळखते, त्यांचा फोटो. बाकीच्यांना उजेड.

नियम वैज्ञानिक होता. दोष एवढाच, की तो पाळायला समोर कोण उभं आहे ते बघावं लागतं. पहिला बराच वेळ मी बघितलं. मग बाबांच्या कचेरीतली मंडळी आली, धम्मदीपांच्या गावची आली, एकामागून एक अनोळखी चेहरे आले. माझं बोट त्या बटणाला सरावलं आणि नजर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, काढलेल्या फोटोंच्या न वाढणाऱ्या आकड्यावर खिळली. तो आकडा वाढत नाही याचा मला फार आनंद होत होता.

तेवढ्यात स्टेजखालून आई जोरजोराने हात हलवताना दिसली. "घे! घे! घे!"

मला वाटलं, रांग तुंबली म्हणून घाई करते आहे. मी बटण दाबलं. उजेड पडला. वर पाहिलं, तर शेषमामा डावीकडच्या पायऱ्यांनी आणि किसनमामा उजवीकडच्या पायऱ्यांनी उतरत होते.

आईने काय केलं होतं ते मला नंतर कळलं. दुसरा जेवायला बसला आहे, आत्ताच वर जाऊन ये, असं तिने दोघांनाही सांगितलं होतं. दोघे दोन बाजूंनी चढले आणि मधे भेटले. पाचशे लोकांसमोर माघारी फिरता येईना. उभे राहिले. उजेड पडला. उतरले.

आई गर्दीतून माझ्यापर्यंत आली. तिने माझा दंड धरला.

"आले नं दोघंई?"

"हो," मी म्हणाले.

हे बोलताना मला वाटत होतं, कोणाच्या तरी मोबाईलमध्ये तो क्षण असेलच. आजकाल लग्नात माणसांपेक्षा मोबाईल जास्त असतात. पुढचे काही दिवस मी सगळ्या नातेवाइकांकडून फोटो मागवले. लोकांनी दिलदारपणे पाठवले. जिलबी, मेंदी, पायलच्या मैत्रिणींचा नाच, पुन्हा जिलबी. शेवटी एका लांबच्या वहिनींच्या फोटोत तो क्षण सापडला. डाव्या कडेला शेषमामांचा एक खांदा. उजव्या कडेला किसनमामांचा बूट. त्यामधली सगळी जागा कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या माझ्या पाठीने व्यापली होती.

इकडे आईने गांधी चौकातून फ्रेम आणली. उभी, लाकडी, चांगली हातभर. भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिने त्या जागी ती रिकामीच लावली.

"कवा देतं?" ती विचारायची.

"धुवायला टाकलाय," मी सांगायची. आता फोटो धुवायला टाकत नाहीत हे आईला माहीत नव्हतं. एक दिवस ती म्हणाली, "भल्ला मयकट होता का वो तो फोटो, इतके दिस धून राह्यले ते?" तेव्हा तिला सगळं माहीत आहे की काय, अशी मला शंका आली.

फोटो पुन्हा काढण्याखेरीज मार्ग नव्हता. म्हणजे जे दोघे अनेक वर्षांत एकदाच, तेही फसवून, एकमेकांशेजारी उभे राहिले होते, त्यांना पुन्हा उभं करायचं. मी आधी अकोल्याला गेले.

किसनमामा बनियनवर बसून टेबलफॅन खोलत होते. मी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"फोटो नाई म्हंजे?"

"नाही म्हणजे निघालाच नाही, मामा. मी नुसता फ्लॅश मारला."

"मी त्या मानसाच्या बाजूनं उभा राह्यलो. पोट आत घेतलं. हासलो बी जरासा. अन् तू नुसता उजेड पाडला?"

"शटर वाचवत होते, मामा."

"वाचवून काय लोनचं घालाचं होतं का त्याचं?"

मामी आतून हसल्या. मामा हसले नाहीत. फॅनचं पातं हातात घेऊन त्यांनी ते उगाच फिरवून पाहिलं. मग विचारलं, "तो यीन का पुन्हा?"

"त्यांनीच म्हटलं. किसन येत असेल तर येतो म्हणाले."

शेषमामांशी मी तोवर एक शब्दही बोलले नव्हते. शेवटी मी माझ्या आईचीच मुलगी.

"पैले त्यानं म्हटलं?" मामांनी खात्री करून घेतली. "मंग येतो. पन पैले त्यानं म्हटलं, हे ध्यानात ठेवजो."

भातकुलीला शेषमामा घरासमोरच्या कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते. त्यांनी माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं. किसनमामांसारखे ते चिडले नाहीत, त्यामुळे मला जास्तच अपराधी वाटलं.

"म्हंजे तो फोटो कोनीच नाई पाह्यला?"

"नाही, मामा."

"मंग किसन्याले माईत नाई, मी कुठं पाहून राह्यलो होतो ते."

"कुठे?"

"त्याच्याचकडे." मामांनी बाजेची सुटलेली सुतळी आत खोचली. "कॅमेऱ्याकडे पाहाचं सोडून. भल्ला खंगला तो."

मी पलीकडची सुतळी खोचायला लागले.

"येतो मी," ते म्हणाले. "पन त्यानं पैले म्हटलं का?"

"त्यांनीच म्हटलं, मामा."

आईला मी काहीच सांगितलं नाही. रविवारी सकाळी दोघेही राजापेठेतल्या आमच्या घरी पोचले, तेही एकाच वेळी. गल्लीत शिकवणीला आलेल्या मुलांच्या गाड्या आडव्यातिडव्या लावलेल्या असतात, त्यांतून वाट काढत एकामागे एक असे ते फाटकातून आत आले. दोघांनी पांढरेशुभ्र कपडे घातले होते. आई तांदूळ निवडत होती. दोघा भावांना एकदम दारात पाहून तिच्या हातचं ताट खाली पडलं.

"काय झालं? कोन गेलं?"

"कोनी नाई गेलं," किसनमामा म्हणाले. "तुया पोरीनं बोलावलं."

मग मला बोलावंच लागलं. शटर, दीड लाख, रिकामा फ्लॅश, वहिनींचा फोटो, सगळं मी क्रमाने सांगितलं. मला क्रमाने सांगायची सवय आहे. पण क्रमाने सांगितलं म्हणून चूक बरी वाटत नाही, एवढं त्या दिवशी कळलं.

आईने भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं.

"पाचशे मानसात तुले उजेड पाडाले माये भाऊच सापडले?"

"आई, मी..."

"त्या मशीनचं आयुष्य मोजून राह्यली तू. याईचं कोन मोजन? याचं गुडघ्याचं झालं. त्याची साखर चारशेवर गेलती."

"ए सुंदरा, आमी जिते हाओ अजून," शेषमामा आईला म्हणाले.

"गप राय तू."

शेषमामा गप्प राहिले. किसनमामाही राहिले. मी कॅमेरा आणायला आत गेले.

अंगणात भिंतीशी दोघांना उभं केलं. मधे हातभर अंतर होतं. ते कमी करा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. फ्रेम उभी होती, म्हणून कॅमेरा उभा धरला आणि बटण दाबलं. या वेळी शटरचंच. आवाज वेगळा आला. नेहमी 'टक' येतो, तो 'खर्र' आला. पडद्यावर पाहिलं तर शेषमामा एकटेच, छान उभे. किसनमामांच्या जागी वरपासून खालपर्यंत काळा पट्टा.

"दाखव," किसनमामा म्हणाले. दाखवला. "मलेच काया केलं?"

शटरमध्ये दोन पडदे असतात आणि ते वरून खाली धावतात. एखादा अडखळला की फोटोचा तेवढा भाग अंधारात राहतो. कॅमेरा उभा धरला की तो भाग एका कडेला येतो, आणि त्या कडेला जो असेल तो जातो. यात व्यक्तिगत काही नाही. हे सगळं मी मामांना सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

"याले बरा येते उजेड," ते आईला म्हणाले.

मी शटरची गती कमी करून पाहिली. पट्टा तसाच. मग मी कॅमेरा दुसऱ्या कुशीवर धरला. आता किसनमामा दिसले, शेषमामा गेले.

"झाली फिट्टंफाट," शेषमामा म्हणाले. त्यांना राग आलेला दिसला नाही.

"मोबाईलमधून काढ नं वो बाई," किसनमामा म्हणाले.

"मोबाईलचा फोटो मोठा केला की फुटतो," मी म्हणाले. हे आता तितकंसं खरं नाही. पण इतकं सगळं करून शेवटी मोबाईलने फोटो काढायचा, हे माझ्याने होईना. शिक्षणाने माणसाला हट्टाची चांगली कारणं देता येतात.

कॅमेरा आडवा धरला. पट्टा वर आला. पांढऱ्या शर्टातली दोन धडं, मुंडकी नाहीत.

"हे तं नको बाप्पा," आई म्हणाली.

एकच बाजू उरली होती. कॅमेरा उलटा धरायचा, म्हणजे वरचा पट्टा खाली पायांवर येईल. गणित बरोबर होतं. मात्र उलट्या कॅमेऱ्यात डोकावायचं म्हणजे बटण खाली जातं, ते अंगठ्याने दाबावं लागतं, कोपरं वर जातात, चष्मा कपाळावर चढतो आणि नाक कुठे ठेवावं ते कळत नाही. मी गुडघ्यांत वाकून, कोपरं पंखांसारखी पसरून उभी राहिले. माझा तोल गेला, मी सावरले, पुन्हा डोकावले.

"हे काय करून राह्यली ही?" शेषमामांचा आवाज आला.

"कॉलेजात शिकोते म्हने!" किसनमामांचा.

मी अंगठा दाबला. 'खर्र' झालं.

या फोटोत दोघे गुडघ्यांपासून वर पूर्ण दिसत होते. गुडघ्यांखाली अंधार. दोघेही तोंड उघडून हसत होते आणि हसताना शेषमामांनी आधारासाठी किसनमामांचा खांदा धरला होता. आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"किसन्याचे डोये मिटले," ती म्हणाली. "आखीन एक घे."

मी पुन्हा वाकले, अंगठा दाबला. या वेळी 'खर्र'सुद्धा झालं नाही. पडद्यावर फक्त दोष दाखवणारी अक्षरं आली. मी कॅमेरा बंद करून चालू केला, बॅटरी काढून घातली, लेन्स काढून आत पाहिलं. शटरच्या पडद्यातलं एक पातळ पान अर्ध्यात वाकून अडकलं होतं. तीन हजारांतल्या बऱ्याचशा उघडझापी तशाच शिल्लक होत्या.

"गेलं," मी म्हणाले.

"आन इकडे," किसनमामा पुढे आले. "अकोल्याले किशोर हाय. मी देतो त्याले. दुरुस्त होते."

"कायले दुरुस्त करते?" शेषमामा माझ्याकडे बघून म्हणाले. "गेलं ते गेलं. नवा घे. मी फवारनीचा पंप दुरुस्त करत राह्यलो, करत राह्यलो. शेवटी नवाच घ्यावा लागला."

"पंपाचं याच्यात कायले आनून राह्यला?" हे किसनमामांनी माझ्याकडे बघून म्हटलं नाही. "पंपाचं वायसर गेलं असंल."

"वायसरच गेलं होतं."

"मंग? वायसरासाठी पंप टाकते कोनी?"

"वायसर तूच बसवून दिलं होतं! वर्कशॉपातून आनलं होतं तू. लय भारी हाय म्हने, एसटीचं हाय म्हने."

"माया हातचं वायसर गयत नाई, दादा."

"गयलं नं! भर फवारनीत गयलं. सारी पाठ वली झाली माई. रातभर आग होत होती."

"मले नाई सांगतलं तू."

"कसं सांगाचं? बोलत होतो का आपन?"

किसनमामांनी माझ्या हातातला कॅमेरा घेतला. मग म्हणाले, "पंप कुठं हाय तो?"

"हाय. कोठ्यात पडला हाय."

"टाकला नाई?"

"नाई टाकला."

"उलटं बसवलं असंल तू. काढून पुन्हा बसवलं का? खरं सांग, दादा."

"साफ कराले काढलं होतं एकदा."

"पाह्यलं! पाह्यलं का सुंदरा? साफ कराले काढलं म्हने! मशीनमधलं तुले काय समजते रे दादा?"

"अन् तुले समजते? तुया फॅनची पाती तं गेल्या उन्हाय्यापासून खाटेखाली हायेत. सुंदरानं सांगतलं मले."

दोघे आता कठड्यावर बसले होते. माझा कॅमेरा किसनमामांच्या मांडीवर होता आणि वाकलेलं पान ते बोटाने दाबून पाहत होते. ते पान बोटाने कधीही दाबायचं नसतं. शटरला वॉशर नसतो. दुरुस्ती की नवा, हा प्रश्न पंपावरून सोडवता येत नाही. भागाची किंमत, बाकीच्या यंत्राची अवस्था आणि आपला वापर असा तिन्हींचा विचार करावा लागतो. दोघांचंही चुकत होतं आणि कुठे चुकत होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. मी तोंड उघडलं.

"मामा, खरं म्हणजे यात..."

आईने माझं मनगट धरलं आणि मला ओढत स्वयंपाकघरात आणलं.

"आई, ते पान दाबतायत. पार जाईल ते."

"जाऊ दे."

"मोबाईलने काढू का एक?" मी खिडकीतून बघत म्हणाले. "आत्ता उजेड चांगला आहे. दोघंही आलेत."

"नको. तुले पाहून चूप होतीन ते." आईही खिडकीतून बघत होती. बाहेर किसनमामा हाताने हवेत पंपाचा दांडा ओढून दाखवत होते आणि शेषमामा जोरजोराने मान हलवत होते. "पुढच्या रविवारी पंप घेऊन ये म्हने तो. ऐकलं का तू?"

मी नव्हतं ऐकलं. मी वाकलेल्या पानाकडे बघत होते.

आईने गॅसवरचं चहाचं पातेलं उतरवून बाजूला ठेवलं, सांडलेले तांदूळ गोळा करायला मला पाठवलं आणि फळीवरचा मोठा कुकर काढला.